घूं, करकर, खरखर, चटचट : गिटारचा आवाज आधी ओळखा, मग स्क्रूड्रायव्हर घ्या

संक्रांत झाल्यावर दोन-चार दिवसांनी माझा भाचा मिरजेहून इलेक्ट्रिक गिटार पाठीला अडकवून आला, नीट टेकला पण नाही तोवर सुरू, "मामा, गिटारमध्ये स्टॅटिक येतंय, पिकअप बदलायला लागतील बहुतेक, मी ऑनलाइन बघून ठेवलेत." मी म्हटलं आधी तो आवाज तोंडानं काढून दाखव. तो असा लाजला जणू पोरगी बघायला गेलाय, आणि मग हळूच म्हणाला "घूंऽऽऽ, आणि त्यात जरा करकर." बरं, नॉब फिरवल्यावर? "खर्रर्र." आणि हात नुसता त्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर घासला की? "चट चट चट." म्हणजे दुखणं एक नव्हतंच, तीन-चार होती, आणि त्यातल्या निम्म्यांचा पिकअपशी, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाशी, काडीचा संबंध नव्हता.

इथंच सगळे फसतात. जो काही नको तो आवाज येतोय त्याला सरसकट स्टॅटिक म्हणायचं आणि मग यूट्यूबवर जो उपाय पहिला दिसेल तो करायचा. डॉक्टर कसं विचारतात, ठणकतंय का, सलतंय का, चमक मारतेय, आणि त्यावरून त्यांना अर्धं कळलेलं असतं, तसंच गिटारचं आहे. आणि आपल्या मराठीत आवाजांना शब्द चिक्कार आहेत, ते वापरा की. घूं म्हणजे एक आजार, करकर म्हणजे दुसरा, खरखर तिसरा, चटचट चौथा, आणि मागं सारखी येणारी सूंऽऽ ती पाचवी, जिचं आपण फारसं काही करू शकत नाही.

आधी पिकअप काय करतो ते बघू, त्याशिवाय पुढचं सगळं मंत्रासारखं वाटेल. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे ७-८ हजार वेढे. गिटारची स्टीलची तार चुंबकावर थरथरली की तिथलं चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि ते हललं की त्या वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते, मिलिव्होल्टात मोजावी इतकी. तीच अ‍ॅम्प वाढवत वाढवत स्पीकरपर्यंत नेतो. आता गंमत अशी की त्या वेढ्यांना काय कळतंय क्षेत्र कोणी हलवलं ते? तारेनं हलवलं काय, अ‍ॅम्पमधल्या ट्रान्सफॉर्मरनं हलवलं काय, शेजारच्या मोटरनं हलवलं काय, त्याला सगळं सारखंच. म्हणजे पिकअप हा मुळातच एक चांगला अँटेना आहे जो आपण गाणं वाजवायला वापरतोय.

घूं येते ती इथून. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढंमागं. घरभर भिंतींत ती पळत असते आणि तिच्या सोबत ५०, १००, १५० असे तिचे भाऊबंद पण. तुमचा आवाज खरंच मेन्सचा आहे का हे बघायची एक सोपी युक्ती सांगतो. गिटार ट्यून करा, सगळ्यात जाड ई तारेचा तिसरा फ्रेट दाबून वाजवा. तो जी सूर येतो ९८ हर्ट्झचा. मागची घूं जवळजवळ त्याच सुरात पण किंचित चढी लागली, कोमट चहासारखी धड इकडं ना तिकडं, तर समजायचं १०० हर्ट्झ, लाइटच्या तारेतून आलंय. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते म्हणून तिकडच्या व्हिडिओतली घूं वेगळ्या सुरात ऐकू येते, तिला आपल्या घूंशी ताडून बघू नका.

या घूंवर उपाय १९५५ साली निघाला. तेव्हा फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार येऊन वर्ष झालेलं, तिचे पिकअप सिंगल कॉइल म्हणजे वेढ्यांचं एकच वेटोळं असलेले, आवाज काचेसारखा स्वच्छ पण घूं हमखास. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचा इंजिनियर होता, त्यानं दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या, दुसऱ्या कॉइलचं चुंबक उलटं ठेवलं आणि जोडणी पण उलटी केली. आता बघा डोकं कसं लावलंय. घूं बाहेरून येते, तिला चुंबकाशी देणंघेणं नाही, ती दोन्ही वेढ्यांत सारखीच शिरते, पण एक जोडणी उलटी असल्यामुळं एकातली अधिक आणि दुसऱ्यातली उणे, बेरीज शून्य. तारेचा आवाज मात्र चुंबकामुळं तयार होतो, चुंबकही उलटं आणि जोडणीही उलटी, उलट्याचं उलट म्हणजे सुलट, म्हणून तारेचा आवाज एकमेकांत मिसळून वाढतो. घूं म्हणजे हम, तो मारणारा म्हणून नाव हमबकर. पेटंट मिळायला १९५९ उजाडलं, तोवर आणि त्यानंतरही काही वर्षं पिकअपच्या मागं पेटंटसाठी अर्ज केलाय अशी चिठ्ठी चिकटवायचे, आणि आज त्या चिठ्ठीवाल्या जुन्या पिकअपना लोक सोन्याच्या भावानं मागतात. तुमच्या गिटारला तीन सिंगल कॉइल आणि पाच जागांचा स्विच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवून बघा, बऱ्याच गिटारमध्ये मधला पिकअप मुद्दाम उलटा गुंडाळलेला असतो, तिथं दोन पिकअप मिळून हमबकरचंच काम करतात आणि घूं एकदम खाली बसते. फुकटात.

हमबकर नाही आणि घ्यायचा पण नाही तर अजून एक फुकटचा उपाय, तो म्हणजे फिरणं. खुर्चीवर बसा, गिटार मांडीवर, अ‍ॅम्प चालू, आणि हळूहळू गोल फिरा. कुठंतरी एका दिशेला घूं जवळजवळ मरते आणि पुन्हा वाढते. चुंबकीय क्षेत्राला दिशा असते म्हणून हे होतं. रेकॉर्डिंग करताना मी खडूनं फरशीवर खूण करून ठेवतो. अ‍ॅम्पपासून मीटर दोन मीटर लांब बसलं तरी फरक कळतो, कारण त्यातला ट्रान्सफॉर्मर हाच पुष्कळदा मुख्य चोर असतो.

आता करकर. ही घूंची चुलत बहीण पण स्वभाव वेगळा, घूं गोल असते आणि करकर टोचते, माशी बाटलीत अडकल्यासारखी. ही येते जिथं वीज सरळ न जाता तुकडे तुकडे होऊन जाते तिथून, म्हणजे फॅनचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्यांचा डिमर, स्वस्तातले एलईडी, मोबाइलचे चार्जर, आणि चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर. रेग्युलेटरचं सांगतो कारण भाच्याच्या घरी तेच निघालं. त्यातला ट्रायक नावाचा भाग सेकंदाला १०० वेळा वीज कापतो, सुरी मारल्यासारखी कडक, आणि प्रत्येक कापाला एक झटका हवेत जातो. फॅन हळू ठेवला की काप मोठा, फुल ठेवला की कापच जवळजवळ नाही. म्हणून सांगलीत एप्रिल-मेमध्ये कुणी करकरीची तक्रार करत नाही, तेव्हा फॅन पाचच्या खाली आणायची कुणाची हिंमत नसते, आणि थंडीत फॅन दोनवर आला की सगळ्यांच्या गिटारी बिघडतात. याला उपाय म्हणजे टप्प्याटप्प्यानं फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर, तो वीज कापत नाही. आणि आजोबांच्या घरातला तो काळा डब्यासारखा गरम होणारा रेग्युलेटर आठवतोय का, तो पण एकदम गप्प असायचा, वीज खायचा पण करकर नाही करायचा.

करकर गिटारमध्ये शिरू नये म्हणून शिल्डिंग करतात. पिकगार्डचे, म्हणजे तारांखालच्या त्या पांढऱ्या प्लॅस्टिकचे, स्क्रू काढले की आत लाकडाचा खड्डा दिसतो, बाजारातल्या साध्या गिटारींत तो नुसता उघडा असतो नाहीतर आत काळा रंग मारलेला. त्या खड्ड्याला आणि पिकगार्डच्या मागच्या बाजूला तांब्याची चिकटपट्टी लावायची, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढवून, आणि सगळ्याला मिळून एक वायर डागून (सोल्डर करून) ती गिटारच्या अर्थला म्हणजे व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीला जोडायची. चिकटपट्टीचा गोंद वीज नेणारा पाहिजे, नाहीतर पट्ट्या दिसायला एकत्र पण विजेच्या हिशोबानं वेगवेगळ्या, म्हणून मल्टीमीटर बीपवर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचं. स्वयंपाकघरातली फॉइल पण चालते, फक्त तिच्यावर डाग बसत नाही, स्क्रूखाली दाबून धरावी लागते. आणि केबल खुपसायचा जॅक जिथं बसतो तिथं फॉइलवर इन्सुलेशन टेप लावायला विसरू नका. मी पहिल्यांदा विसरलेलो, चार तास घालवून सगळं बंद केलं, प्लग लावला आणि एकदम शांतता. मला वाटलं काय शिल्डिंग झालंय राव, नॉइज शून्य! तार वाजवली तर ती पण शून्य. प्लगचं टोक फॉइलला टेकून सगळा सिग्नल अर्थमध्ये गेलेला.

पण एक लक्षात घ्या, शिल्डिंगनं करकर जाते, ट्रान्सफॉर्मरची घूं जात नाही. पातळ तांबं ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवूच शकत नाही, ते आरपार येतं. लोक दिवसभर पट्ट्या चिकटवतात आणि मग म्हणतात काय उपयोग झाला नाही, त्यांचा आजार घूं होता आणि औषध करकरीचं घेतलं.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तारांना हात लावला की आवाज कमी होतो, म्हणजे माझ्या गिटारची अर्थिंग तुटलीय का? नाही, उलट ती शाबूत आहे. घरातल्या वायरींची करकर तुमच्या अंगावर जमा होत असते, तुम्ही म्हणजे साडेपाच फुटी अँटेना आणि गिटार छातीला लावून बसलेले. तार ब्रिजला (खाली तारा अडकवतात तो भाग), ब्रिज आतल्या वायरनं जॅकला, जॅक केबलनं अ‍ॅम्पला, अ‍ॅम्प थ्री पिननं जमिनीला. तारेला बोट लागलं की तुम्ही जमिनीला जोडले जाता आणि गप्प होता. म्हणजे तुम्ही गिटारला अर्थ करत नाही, गिटार तुम्हाला अर्थ करते. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर मात्र काहीतरी उलटं जोडलंय, जॅकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या असतील किंवा घराच्या अर्थिंगचीच बोंब असेल.

आणि ही अर्थिंग आपल्याकडं खरी रडकथा आहे. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे त्याच्या मागं वायर आहे असं नसतं, जुन्या घरांत तर बऱ्याचदा नसतंच. जिथं आहे तिथं अंगणात मीठ-कोळसा घालून खड्डा केलेला असतो आणि नंतर त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, भेगा पडल्या की माती सळईला सोडते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. आमचे वायरमन म्हणतात उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालता तसं खड्ड्यात पण बादलीभर घाला. मल्टीमीटर वापरता येत असेल तर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. येत नसेल तर स्वतः उघडाउघडी करू नका, वायरमनला बोलवा.

इथं जरा आवाज चढवून सांगतो. घूं जावी म्हणून थ्री पिन प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच, कधी कधी घूं जाते पण खरंच. ते करू नका म्हणजे करू नका. तारा थेट अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात हे आत्ताच वाचलंत, अ‍ॅम्पमध्ये काही बिघडून पत्र्यावर फेज आला आणि अर्थ नसेल तर तो तुमच्या बोटांत येणार. स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्सीत स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. लांबची गोष्ट कशाला, गणपतीत एका मंडळापुढं वाजवत होतो, गिटारचा अ‍ॅम्प एका घरातून घेतलेल्या वायरवर आणि साउंड जनरेटरवर, माइकला ओठ लागला आणि अशी सणक बसली की पुढची ओळ मी चार फुटांवरून म्हटली. आता मी कार्यक्रमाआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला आणि एक माइकच्या जाळीला लावतो, दोन-चार व्होल्टच्या वर आकडा दिसला की साउंडवाल्याला हाक, दोन्हीची वीज एकाच बोर्डावरून घेतल्याशिवाय गाणं नाही. लोक हसतात, हसू देत.

अ‍ॅम्प आणि लॅपटॉप दोन्ही जोडल्यावरच घूं येते, एकेकटं लावलं की नाही, असं असेल तर तो ग्राउंड लूप. जमिनीपर्यंत जायला दोन रस्ते झाले की त्या गोलात वीज फिरत बसते. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शनवर लावा, नाही गेलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल पुढं नेणारी डबी) घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते बटण सिग्नलच्या वायरीचं ग्राउंड तोडतं, विजेच्या प्लगचं नाही, म्हणून ते चालतं आणि पिन कापणं चालत नाही.

खरखर हा तर किरकोळ आजार. नॉब फिरवल्यावरच येत असेल तर पॉटच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ नाहीतर ऑक्साइड बसलंय. २०१९ च्या पुरात आमची गिटार माळ्यावर होती, पाण्याचा थेंब लागला नाही, पण घरात महिनाभर जी ओल राहिली तिनं जॅक हिरवा पडला आणि दोन्ही पॉट खरखरायला लागले. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, बिजागरी-गंजाचा नेहमीचा स्प्रे नको, तो तेलकट थर ठेवतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. पॉटच्या तीन पायांजवळ छोटी फट असते, तिथं नळी लावून एक फुसका मारायचा, आणि नॉब या टोकापासून त्या टोकाला वीस-तीस वेळा गरागरा फिरवायचा. चहाच्या रंगाचं पाणी बाहेर येतं, ते बघून फार समाधान मिळतं. केबल हलवल्यावर खरखर येत असेल तर जॅक बघा. बाहेरचं नट ढिलं झालेलं असतं, आपण ते पान्यानं आवळतो आणि आत अख्खा जॅक फिरून वायरींना पीळ पडतो, शेवटी डाग तुटतो. आतून जॅक बोटांत धरायचा आणि मग आवळायचं. एवढंच.

चटचट मात्र खरी स्टॅटिक, नावाला जागणारी. कोरड्या थंडीत स्वेटर काढताना जसं चटचटतं तसंच पिकगार्डच्या प्लॅस्टिकवर बाही घासून विजेचा भार जमतो आणि पिकअपच्या वर ठिणगीसारखा सुटतो. ओलसर फडकं पिळून एकदा पुसलं की तेवढ्यापुरतं जातं, कायमचं घालवायचं तर पिकगार्डच्या मागं तेच फॉइल, अर्थला जोडलेलं. पावसाळ्यात ही तक्रार आपोआप जाते, मग खरखर सुरू होते, म्हणजे वर्षभर काही ना काही असतंच.

चोर शोधायचा कुठून हे पण सांगतो नाहीतर परत फोन येतील. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला तर तो पिकअपकडून येतोय, राहिला तर केबल, जॅक किंवा अ‍ॅम्प. मग अ‍ॅम्प जरा कमी करून त्यातली केबल काढा, तरी राहिला तर अ‍ॅम्प किंवा घरची वीज. पायाखालची इफेक्टची पेडल असतील तर सगळी बाजूला काढून सरळ गिटार टू अ‍ॅम्प, आणि मग एकेक परत आत. एकाच अडॅप्टरवर पाच पेडल चालवत असाल तर त्यातल्या प्रत्येकात ९ व्होल्टची बॅटरी घालून बघा, आवाज गेला तर अडॅप्टर दोषी. नॉइज गेटचं विचाराल तर तो दारवान आहे, तुम्ही थांबलात की दार लावतो, वाजवायला लागलात की आवाजासोबत घूं पण आत सोडतो. आणि फुल डिस्टॉर्शनवर सूंऽऽ येणारच, हजारपट वाढवल्यावर काय येणार नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा हे सगळं रामायण एका तंतुवाद्य कारागिरांना सांगत होतो. ते तंबोऱ्याची जवारी काढत होते, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, ऐकायचं, परत केसभर सरकवायचा. त्यांनी मान वर न करता विचारलं, "म्हणजे तुमचं वाद्य झणझणू नये म्हणून एवढा खटाटोप?" हो म्हटलं. "आमचं सगळं आयुष्य ते झणझणावं म्हणून चाललंय." मी गप्प चहा प्यायलो.

भाच्याच्या गिटारचं म्हणाल तर पॉट साफ झाले, पिकगार्डमागं फॉइल लागलं, चौथ्या जागेवर घूं अर्धी झाली, आणि पिकअपची ऑर्डर त्यानं रद्द केली. करकरीसाठी रेग्युलेटर बदलायचाय. तोवर तो फॅन पाचवर ठेवून आणि स्वेटर घालून प्रॅक्टिस करतोय, वायरमन रविवारी येणार आहे, म्हणजे मागच्या रविवारीच येणार होता.